पदस्थाचे मत आणि लोकांचे देणे

१

सार्वजनिक पदावर बसलेल्या माणसाला स्वतःचे मत असते काय? असले तर ते त्याने बोलून दाखवावे काय? आपल्याकडे हा प्रश्न बहुधा शिस्तीचा प्रश्न म्हणून विचारला जातो. मंत्री मंत्रिमंडळाच्या निर्णयाविरुद्ध बोलला, अधिकाऱ्याने वृत्तपत्रात लेख लिहिला, प्राध्यापकाने सभेत सरकारला चार शब्द सुनावले, की चर्चा होते ती एवढीच : त्याला तसे बोलण्याचा अधिकार होता की नव्हता? नियमांचे पुस्तक उघडले जाते, कारणे दाखवा नोटीस निघते आणि प्रकरण मिटते. ज्या लोकांसाठी तो पदावर बसलेला असतो त्या लोकांना त्याचे मत कळण्याचा काही हक्क आहे की नाही, हे मात्र कुणी विचारीत नाही.

हा दुसरा प्रश्न स्वतंत्र भारताच्या संसदेपुढे एकदा अत्यंत स्पष्टपणे येणार होता. तो मांडणारे होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि साल होते १९५१. सभागृहाने त्यांना तो त्यांच्या अटीवर मांडू दिला नाही. आपण या घटनेकडे बाबासाहेबांच्या राजीनाम्याची हकीकत म्हणूनच पाहत आलो आहोत. पदावरच्या माणसाने प्रामाणिक मत कसे बाळगावे, केव्हा बोलावे आणि त्यासाठी काय सोडावे, याचा विचार तीत आहे. तो आजच्या कार्यकर्त्याला, शिक्षकाला आणि नोकरीत शिरणाऱ्या विद्यार्थ्याला उपयोगी पडणारा आहे. या घटनेचे एक टोक आपल्याच शहरात, आजच्या छत्रपती संभाजीनगरात आणि त्या वेळच्या औरंगाबादेत आहे. पण तिथवर येण्याआधी थोडे मागे जावे लागेल.

२

महाराष्ट्रात या प्रश्नाची सुरुवात जोतीराव फुल्यांपासून करावी लागते. १८७६ पासून काही वर्षे ते पुणे नगरपालिकेचे सभासद होते. सरकारने नेमलेले सभासद. नेमणुकीने मिळालेल्या जागेवरून माणसाने मान डोलवावी, अशीच तेव्हा अपेक्षा होती. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात यायचे होते. त्यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव आला. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करावा, असे जोतीरावांचे म्हणणे पडले आणि त्यांनी प्रस्तावाविरुद्ध मत दिले. सारे सभासद एका बाजूला आणि जोतीराव एकटे दुसऱ्या बाजूला. प्रस्ताव अर्थातच मंजूर झाला. पण नगरपालिकेच्या इतिहासात आज लक्षात राहिले आहे ते हे एकच मत. पराभूत झालेले मत वाया जात नाही, पुढच्या पिढ्यांना ते पुराव्यासारखे उपयोगी पडते, याचा हा आपल्याकडला पहिला दाखला.

यानंतर चाळीस वर्षांनी अस्पृश्य समाजातला एक तरुण सरकारी नोकरीत शिरला. नोव्हेंबर १९१८ मध्ये बाबासाहेब मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. महाविद्यालय सरकारी होते. सरकारी नोकराने राजकारणात पडू नये, हा दंडक होता. जानेवारी १९१९ मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’त होमरूलच्या मागणीवर एक पत्र प्रसिद्ध झाले. त्याखाली लेखकाचे नाव नव्हते. ‘एक महार’ एवढीच सही होती. ते पत्र बाबासाहेबांचे होते. त्याच महिन्यात, २७ जानेवारीला, त्यांनी साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांच्या मताधिकाराविषयी साक्ष दिली. पुढच्या वर्षी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाला. पत्र बाबासाहेबांचे, अग्रलेख बाबासाहेबांचे. पण संपादक म्हणून नाव छापले गेले पांडुरंग नंदराम भटकर यांचे. ज्याने मुक्यांना वाचा देण्यासाठी पत्र काढले, त्यालाच सरकारी नोकरीमुळे त्या पत्रावर आपले नाव घालता आले नाही.

येथे थांबून एका गोष्टीचा विचार केला पाहिजे. सरकारी नोकराने गप्प बसावे, हा नियम सर्वांना सारखाच होता. पण या मौनाची किंमत सर्वांना सारखी नव्हती. उच्चवर्णीय प्राध्यापक नोकरीमुळे गप्प बसला तर त्याच्या समाजाचे काही बिघडत नव्हते. त्याच्या समाजाची दहा वृत्तपत्रे होती, शेकडो वकील होते, सभा होत्या, परिषदा होत्या. त्याचे म्हणणे दुसरा कोणी तरी मांडीतच होता. अस्पृश्यांमधला शिकलेला माणूस गप्प बसला म्हणजे सारा समाजच गप्प बसला. कारण त्याच्या मागे दुसरा बोलणारा नव्हता. नियम तटस्थ असतो, पण तो ज्या समाजव्यवस्थेत लागू होतो ती व्यवस्था तटस्थ नसते. म्हणून तटस्थ नियमही विषम होतो. दलित समाजातला पहिल्या पिढीचा नोकरदार हा अनुभव आजही घेतो. रेल्वे, टपाल, बँका, जिल्हा परिषदेच्या शाळा येथे नोकरी करणाऱ्या माणसांनीच आपल्या चळवळीचे आणि साहित्याचे कितीतरी काम नोकरीच्या वेळेबाहेर उभे केले. वस्तीला बोलणारा माणूस हवा असतो आणि वस्तीत शिकलेला माणूस म्हणजे नोकरदार. एकाच माणसावर दोन ओझी येतात.

मार्च १९२० मध्ये बाबासाहेबांनी सिडनहॅमची नोकरी सोडली आणि ते राहिलेले शिक्षण पुरे करायला लंडनला गेले. पुढे ते पुन्हा पदांवर आले, पण टोपणनावाचा आश्रय त्यांनी घेतला नाही. मुंबई कायदेमंडळाने सायमन कमिशनबरोबर काम करण्यासाठी जी समिती निवडली तिचे ते सभासद होते. समितीचा अहवाल पटला नाही म्हणून त्यांनी १७ मे १९२९ रोजी आपला स्वतंत्र अहवाल दिला. १९३५ मध्ये ते मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले आणि त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला येवल्यात त्यांनी धर्मांतराची घोषणा केली. प्राचार्याच्या खुर्चीसाठी ती घोषणा त्यांनी पुढे ढकलली नाही. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे मजूरमंत्री होते. याच काळात, जानेवारी १९४३ मध्ये, पुण्यात त्यांनी रानडे, गांधी आणि जिना यांच्यावर व्याख्यान दिले. काँग्रेसने आणि गांधींनी अस्पृश्यांचे काय केले, याचा हिशेब मांडणारे त्यांचे पुस्तकही १९४५ मध्ये, ते पदावर असतानाच, निघाले.

या साऱ्यातून एक रीत दिसते. पदाचे काम पदाच्या जागी चोख करायचे. मत मात्र स्वतःच्या नावावर, स्वतःच्या जबाबदारीवर मांडायचे. मत मांडण्यासाठी पदाचा शिक्का वापरायचा नाही आणि पद टिकवण्यासाठी मत गिळायचे नाही. स्वतंत्र भारताच्या मंत्रिमंडळात या रीतीची खरी परीक्षा झाली.

३

१ सप्टेंबर १९५१. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत १९५० च्या जूनमध्ये महाविद्यालय सुरू केले होते. निजामी राजवट जाऊन अजून तीन वर्षे व्हायची होती. ज्या मुलखात साधी सभा घ्यायची तर गश्ती निशाण ५३ या फर्मानाप्रमाणे आधी परवानगी काढावी लागे आणि जिथे दलितांच्या मुलाला शाळेची पायरी चढणे दुरापास्त होते, तिथे हे महाविद्यालय उभे राहत होते. त्या दिवशी महाविद्यालयाच्या इमारतीची कोनशिला बसवण्यात आली. ती बसवणारे होते राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद. संस्थेचे संस्थापक म्हणून तिथे होते केंद्रीय कायदामंत्री डॉ. आंबेडकर.

हे दोघे एकमेकांना चांगले ओळखत होते. घटना समितीचे अध्यक्ष राजेंद्रप्रसाद आणि मसुदा समितीचे अध्यक्ष बाबासाहेब. भारताचा राष्ट्रपती हा इंग्लंडच्या राजासारखा राष्ट्राचा प्रमुख असेल, कारभाराचा प्रमुख नसेल, हे बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीला सांगितले होते. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी राजकीय समता आणि सामाजिक विषमता यांच्यातील विसंगतीचा इशारा दिला, तोही याच समितीपुढे. औरंगाबादेत कोनशिला बसली तेव्हा दोघांच्याही मनात एकच विधेयक घोळत होते, असे पुढच्या चाळीस दिवसांच्या घटनांवरून म्हणावे लागते. ते विधेयक म्हणजे हिंदू कोड बिल.

मुलीला वडिलांच्या मालमत्तेत वाटा, स्त्रीच्या संपत्तीवर तिची पूर्ण मालकी, एकपत्नीत्व, घटस्फोटाचा हक्क, आंतरजातीय विवाहाला मान्यता, या गोष्टी त्या विधेयकात होत्या. जातिव्यवस्था टिकते ती स्त्रीच्या विवाहावर आणि वारशावर पहारा ठेवून. म्हणून हे विधेयक बाबासाहेबांना मंत्रिपदापेक्षा मोठे वाटत होते. ऑगस्टमध्येच त्यांनी पंतप्रधानांना कळवले होते की आपली प्रकृती बरी नाही आणि ती अधिक बिघडण्यापूर्वी हे काम पुरे व्हावे अशी आपली इच्छा आहे.

आता तारखा पाहा. १५ सप्टेंबरला राष्ट्रपतींनी नेहरूंना पत्र लिहिले. विधेयकाला संमती देताना, ते परत पाठवताना किंवा संसदेला संदेश देताना आपण मंत्रिमंडळाच्या सल्ल्यावर न विसंबता स्वतःच्या निर्णयाने वागू इच्छितो, असा त्या पत्राचा आशय होता. दोनच दिवसांनी, १७ सप्टेंबरला, हैदराबाद मुक्तीला बरोबर तीन वर्षे झाली त्या दिवशी, विधेयक पुन्हा सभागृहापुढे आले. विरोध वाढत गेला. फक्त विवाह आणि घटस्फोटाचा भाग घ्यावा, बाकीचा पुढे पाहू, अशी माघार सुरू झाली आणि शेवटी तोही भाग सोडून देण्यात आला. चार कलमे मंजूर होऊन विधेयक मेले. २७ सप्टेंबरला बाबासाहेबांनी राजीनामा दिला. अधिवेशन संपेपर्यंत थांबावे अशी नेहरूंनी विनंती केली. संकेत म्हणून ती त्यांनी मान्य केली.

४

११ ऑक्टोबर १९५१ रोजी बाबासाहेब सभागृहात निवेदन करायला उभे राहणार होते. उपसभापती अनंतशयनम अय्यंगार यांनी निवेदनाची प्रत आधी मागितली. आता मंत्री नसलेल्या सभासदाच्या निवेदनाची आधी तपासणी व्हावी, ही गोष्ट बाबासाहेबांनी मान्य केली नाही. ते सभागृहाबाहेर पडले आणि त्यांनी निवेदन वृत्तपत्रांच्या हाती दिले.

या निवेदनातील राजीनाम्याची कारणे आपण वाचलेली असतात. अनुसूचित जातींच्या प्रश्नाकडे सरकारचे दुर्लक्ष. मागासवर्गांसाठी आयोग नेमण्यातील दिरंगाई. साडेतीनशे कोटींच्या महसुलातले एकशे ऐंशी कोटी लष्करावर खर्च व्हायला लावणारे परराष्ट्र धोरण. महत्त्वाचे निर्णय समित्यांत होऊन मंत्रिमंडळ नुसते नोंद करणारे कार्यालय बनणे. आणि हिंदू कोड बिलाची झालेली हत्या. पण या कारणांच्या आधी निवेदनाच्या सुरुवातीला बाबासाहेबांनी एक युक्तिवाद केला आहे, त्याकडे आपले फारसे लक्ष गेलेले नाही.

तो युक्तिवाद असा. मंत्र्याने राजीनामा दिला म्हणजे निवेदन केलेच पाहिजे असा काही पक्का संकेत नाही. काही मंत्री निवेदन करून गेले, काही न करता गेले. मग आपण का करावे? कारण मंत्रिमंडळ आतून कसे चालते हे संसदेला कधीच कळत नाही. सामूहिक जबाबदारीच्या तत्त्वामुळे मंत्रिमंडळात अल्पमतात असलेल्या मंत्र्याला आपला मतभेद उघड करता येत नाही. मतभेद असूनही संसदेला सारे आलबेल वाटत राहते. म्हणून पायउतार होणाऱ्या मंत्र्याचे हे कर्तव्य आहे की आपण का जातो आणि यापुढे ही जबाबदारी का वाहू शकत नाही, हे त्याने संसदेला सांगावे.

येथे सारा प्रश्न उलटा करून मांडलेला आहे. बाबासाहेब बोलण्याचा हक्क मागत नाहीत. बोलणे हे आपले देणे आहे, असे ते म्हणतात. सामूहिक जबाबदारी त्यांना अमान्य नव्हती. घटना तयार होत असताना या तत्त्वाचे समर्थन त्यांनीच केले होते आणि हे तत्त्व पंतप्रधानाच्या हातून अमलात येते, असेही सांगितले होते. मंत्रिमंडळात बसलेला माणूस रोज बाहेर येऊन वेगळे बोलू लागला तर जाब कुणाला विचारायचा? म्हणून आत असेपर्यंत आतच भांडायचे. पण हे मौन उसने घेतलेले आहे. लोकांनी, संसदेने, कारभार चालावा म्हणून ते दिलेले आहे. ज्या दिवशी माणूस बाहेर पडतो त्या दिवशी ते परत फेडायचे असते. जो मंत्री चार वर्षे मतभेद गिळतो, मग तब्येतीचे कारण सांगून निघून जातो आणि पुढे एखाद्या राज्यपालपदाची वाट पाहतो, तो हे देणे बुडवतो.

यावर एक आक्षेप घेतला जातो. १९५३ साली राज्यसभेत बाबासाहेबांनी घटनेविषयी तीव्र शब्द काढले. घटना तयार करताना आपल्याला इच्छेविरुद्धही पुष्कळ करावे लागले, असे ते म्हणाले. मग मसुदा समितीत असताना ते प्रामाणिक नव्हते काय? आक्षेप वरवरचा आहे. समितीच्या अध्यक्षाने समितीचा मसुदा मांडायचा असतो, एकट्याचा नव्हे. अनुसूचित जाती फेडरेशनच्या वतीने स्वतःच्या मताची घटना कशी असावी हे त्यांनी १९४७ मध्येच स्वतंत्र निवेदनात छापले होते. उद्योगधंद्यांची आणि शेतीची मालकी राज्याकडे असावी, ही मागणी तीत होती. मूळ मत लोकांपुढे होते, तडजोडीचा मसुदाही लोकांपुढे होता. दोन्हींतले अंतर कुणालाही मोजता येत होते. लपवलेले मत आणि बाजूला ठेवलेले मत यांत हाच फरक आहे.

प्रामाणिक मताची किंमत लगेच वसूल झाली. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मुंबईत बाबासाहेबांचा पराभव झाला. १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत ते पुन्हा हरले. ते राज्यसभेत गेले, पण सत्तेत परतले नाहीत.

५

आता दुसऱ्या पदस्थाकडे वळू. राजेंद्रप्रसादांचे हिंदू कोड बिलाविषयीचे मत प्रामाणिक होते, याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. त्यांनी ते लपवलेही नव्हते. प्रौढ मतदानाने निवडून न आलेल्या हंगामी संसदेने समाजाच्या इतक्या खोलवरच्या व्यवहाराला हात घालू नये, हा त्यांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता. राष्ट्रपतीने पंतप्रधानाला पत्र लिहून सल्ला द्यावा, धोक्याची सूचना द्यावी, यातही काही गैर नाही. त्यांच्या मताशी आपले भांडण असेल, मत असण्याशी नाही.

आपले भांडण आहे ते त्या पत्रातल्या पुढच्या पावलाशी. आपले मत संमतीच्या अधिकाराला जोडण्याची इच्छा त्यांनी व्यक्त केली. संसदेने मंजूर केलेला कायदा एका माणसाच्या सदसद्विवेकावर अडू शकेल, असा त्याचा अर्थ होतो. नेहरूंनी महान्यायवादी सेटलवाड आणि अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांचा सल्ला घेतला. राष्ट्रपतीने मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वागले पाहिजे, असे दोघांचेही मत पडले. पुढे १९५५ आणि १९५६ मध्ये हिंदू विवाह, वारसा, पालकत्व, दत्तक आणि पोटगी यांचे वेगवेगळे कायदे झाले. त्यांना संमती देणारे राष्ट्रपती राजेंद्रप्रसादच होते. २८ नोव्हेंबर १९६० रोजी दिल्लीत एका जाहीर भाषणात त्यांनी राष्ट्रपतींच्या अधिकारांचा नव्याने अभ्यास व्हावा असे सुचवले, तेव्हा पुन्हा वाद झाला. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने हा मुद्दा घटनेच्या शब्दांतच निकालात काढला.

एका महिन्यात, एकाच विधेयकावर, दोन माणसांनी आपले प्रामाणिक मत मांडले. एकाने मतासाठी खुर्ची सोडली. दुसऱ्याने खुर्चीचा अधिकार मताच्या पाठीशी उभा करावा काय, याची चाचपणी केली. पदस्थाच्या मतस्वातंत्र्याची सीमारेषा या दोन कृतींच्या मधून जाते. मत कितीही प्रामाणिक असले तरी ते अधिकाराच्या रूपाने लोकांवर लादता येत नाही. आणि अधिकार कितीही मोठा असला तरी तो टिकवण्यासाठी मत कायमचे पुरता येत नाही.

ज्या महाविद्यालयाची कोनशिला त्या सप्टेंबरात बसली त्याला बाबासाहेबांनी पुढे ‘मिलिंद’ हे नाव दिले आणि परिसर झाला नागसेनवन. हे नाव ज्या बौद्ध ग्रंथातून आले त्या ‘मिलिंदप्रश्ना’त एक प्रसंग आहे. ग्रीक राजा मिलिंद भिक्खू नागसेनाला वादाचे आमंत्रण देतो. नागसेन विचारतो, तू पंडितासारखा वाद करणार की राजासारखा? पंडितांच्या वादात खंडनमंडन होते, चूक कबूल केली जाते आणि कुणी रागावत नाही. राजा मात्र आपले म्हणणे ठेवतो आणि न मानणाऱ्याला दंड करतो. मिलिंद पंडितासारखा वाद करायचे कबूल करतो आणि मगच संवाद सुरू होतो. मराठवाड्यातल्या दलित विद्यार्थ्यांच्या पहिल्या मोठ्या विद्याकेंद्राला, वाद करताना राजेपण बाजूला ठेवणाऱ्या राजाचे नाव मिळाले. त्या नावात अधिकारी आणि मत यांच्या संबंधाचा सगळा विचार सामावलेला आहे.

६

आपल्या प्रदेशाला याच्या अगदी उलट अनुभवही आला. २७ जुलै १९७८ रोजी महाराष्ट्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव एकमताने मंजूर केला. एकमताने! आणि त्यानंतर काही तासांतच मराठवाड्यात आग पेटली. दलितांची घरे जळली, कुटुंबे गाव सोडून परागंदा झाली, नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. एकमताने झालेला ठराव अमलात यायला साडेपंधरा वर्षे लागली. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार होऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ हे नाव मिळाले.

ते एकमत खरे असते तर दोन्ही सभागृहांतले मराठवाड्यातले प्रतिनिधी आपापल्या गावात, चावडीवर उभे राहिले असते आणि ठरावाची बाजू त्यांनी लोकांना समजावून सांगितली असती. तसे करणारे विरळा निघाले. सभागृहात हात वर, गावात तोंड बंद. नामांतराला उघड विरोध करणारी माणसेही होती. गोविंदभाई श्रॉफ, अनंत भालेराव यांच्यासारख्या हैदराबाद मुक्तिलढ्यातल्या ज्येष्ठांनी प्रादेशिक अस्मितेचा मुद्दा पुढे करून विरोध केला. त्यांचे म्हणणे आपल्याला मान्य नव्हते, त्याचे खंडन आपण केले. पण खंडन करता आले, कारण ते म्हणणे शब्दांत होते. ज्यांनी ठरावाला हात वर केला आणि मनातून विरोध बाळगला, त्यांच्याशी वाद कसा करायचा? त्यांचे मत बोलण्यात उतरले नाही. ते उतरले पोलीस वेळेवर न पोचण्यात, पंचनामा न होण्यात, अंमलबजावणी लांबणीवर पडण्यात. खोट्या एकमतापेक्षा प्रामाणिक विरोध दलितांना कमी महागात पडतो, ही शिकवण मराठवाड्याने रक्त देऊन घेतली आहे.

७

शासकीय नोकरांसाठी महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम १९७९ सालचे आहेत. शासनाच्या धोरणावर प्रतिकूल टीका करण्यास त्यात मनाई आहे. या मनाईमागे एक हेतू रास्त आहे. दारात आलेल्या नागरिकाला साहेब कोणत्या पक्षाचा, कोणत्या मताचा, हे विचारावे लागू नये. पण हा नियम पकडतो कुणाला? सरकारविरुद्ध लेख लिहिणाऱ्या शिक्षकाला तो पकडतो. दलित वस्तीच्या पाणीपुरवठ्याची फाइल सहा महिने दाबून ठेवणाऱ्या कारकुनाला तो पकडत नाही. त्या कारकुनाने कुठेही भाषण केलेले नसते. त्याचे मत टेबलाच्या खणात असते. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात कर्तव्यात हेतुपुरस्सर कसूर करणाऱ्या लोकसेवकाला शिक्षेची तरतूद चौथ्या कलमाने केली, ती याच अनुभवातून. न बोललेले मतही गुन्हा करू शकते, हे कायद्यानेच मान्य केले.

आणि बोललेले मत सरकारला इतके जड जाते काय? १९८७ साली महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या लेखनाचा चौथा खंड प्रसिद्ध केला. त्यातील राम आणि कृष्ण यांच्याविषयीच्या प्रकरणावरून वादळ उठले, ते प्रकरण वगळण्याच्या हालचाली झाल्या आणि दलित जनता मुंबईच्या रस्त्यावर उतरली. शेवटी तोडगा काय निघाला? प्रकरण छापायचे आणि त्यातील मतांशी शासन सहमत नाही अशी टीप द्यायची. एका ओळीच्या टिपेने सरकारचे मत आणि लेखकाचे मत वेगळे झाले. सरकार कोसळले नाही. मग हीच सवलत हयात माणसाला का नसावी? हे माझे वैयक्तिक मत आहे, माझ्या कार्यालयाचे नाही, असे म्हणून शिक्षकाने, अधिकाऱ्याने, अभियंत्याने लिहावे. त्याच्या कामात पक्षपात दिसला तर जरूर चौकशी व्हावी, पण लेखाची चौकशी होऊ नये. नियमाने माणसाचे काम तपासावे.

आपल्यापैकी जे पदांवर आहेत किंवा उद्या जातील, त्यांना मात्र याहून अधिक हिशेब द्यावा लागेल. आरक्षणाने मिळालेले पद हे समाजाने लढून मिळवलेले पद आहे. त्यावर बसून रोज जाहीर सभा घ्यावी, असे कुणी म्हणत नाही. बैठकीत, टिपणीत, फाइलवर आपला मतभेद स्वच्छ अक्षरांत नोंदवावा. तोंडी आदेशाने अन्याय करायला सांगितले तर लेखी आदेश मागावा. स्वतःच्या नावाने लिहावे. आणि जिथे गप्प बसणे म्हणजे आपल्याच माणसांच्या विरुद्ध सही करणे होते, तिथे खुर्ची सोडण्याची तयारी ठेवावी, सोडताना कारण सांगावे. हिंदू कोड बिलाची चार कलमे मंजूर होऊन ते मेले तेव्हा बाबासाहेबांच्या हाती मंत्रिपद उरले होते; ते त्यांनी ठेवले नाही. पण गप्पही गेले नाहीत. कोनशिलेच्या दगडावर नावे कोरलेली असतात, ती सर्वांना दिसतात. त्या चाळीस दिवसांत कोण कशासाठी झगडला हे दगडावर नाही. ते नागसेनवनात शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला सांगणे हे शिक्षकांचे काम आहे.